आईचे नाव वर्तुळात घेण्यापूर्वी

लँकेस्टर,
23 सप्टेंबर 2024

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हे सांगायला मी गेल्या तीन महिन्यांत चार वेळा सुरुवात केली आणि प्रत्येक वेळी आईच्या गुडघ्याची किंवा बाबांच्या साखरेची चौकशी करून विषय बदलला. म्हणून पत्र लिहीत आहे. ताई ते मोठ्या अक्षरांत छापून देईल. आईने चष्मा लावून आणि बाबांनी दुपारचा चहा झाल्यावर, दोघांनी एकत्र बसून ते वाचावे, आणि मध्येच उठून मला फोन करू नये, एवढी विनंती आहे.

सांगायचे ते आधीच सांगते. यंदा मी दिवाळीला येणार नाही. 31 ऑक्टोबरच्या रात्री, म्हणजे आपल्याकडच्या लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री, इथल्या एका विक्का मंडळात माझी दीक्षा आहे. एक वर्ष आणि एक दिवस शिकल्यानंतर ती घ्यायची की नाही हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. मी हो म्हटले आहे आणि तो शब्द मागे घेणार नाही. आईच्या शस्त्रक्रियेसाठी मात्र मी 2 डिसेंबरला पोहोचते आहे. पाच आठवड्यांची रजा मंजूर झाली आहे, तिकीट काढले आहे, आणि तेवढे दिवस रात्री आईच्या खोलीत मीच झोपणार आहे. दिवाळीला आले असते तर ही रजा मिळाली नसती, हे खरे आहे. पण केवळ त्यासाठी येत नाही असे लिहिले तर ती लपवाछपवी होईल, आणि ती मी दोन वर्षे पुरेशी केली आहे.

विक्का म्हणजे काय, हे बाबा आज ना उद्या शोधतीलच, आणि पहिला शब्द सापडेल तो ‘चेटूक’. म्हणून माझ्याकडून आधी ऐका. हा विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये उभा राहिलेला निसर्गपूजेचा पंथ आहे. चंद्राची देवी आणि शिंगे असलेला वनदेव अशी दोन दैवते, वर्षाचे आठ सण आणि पौर्णिमेच्या बैठका, असे त्याचे स्वरूप आहे. मलाया आणि सिलोनमध्ये नोकरी करून 1936 मध्ये मायदेशी परतलेले जेराल्ड गार्डनर यांनी तो लोकांसमोर आणला. 1939 मध्ये न्यू फॉरेस्टच्या परिसरातील एका जुन्या गुप्त मंडळाने आपल्याला दीक्षा दिली, असे ते सांगत. ही परंपरा ख्रिस्तपूर्व काळापासून अखंड चालत आली, असा दावाही तेव्हा केला जाई, परंतु इतिहासकारांनी तो मान्य केलेला नाही. ब्रिस्टल विद्यापीठातील रोनाल्ड हटन यांनी 1999 मध्ये या पंथाची आधुनिक जडणघडण सविस्तर मांडली, आणि आमच्या मंडळात नव्याने येणाऱ्याला तेच पुस्तक पहिल्यांदा वाचायला देतात. बाबा, ज्या ठिकाणी आपला उगम तपासून पाहायला स्वतःहून सांगतात, तिथे तुमची मुलगी गेली आहे, एवढे लक्षात ठेवा.

आता मॅजिकविषयी, कारण खरा प्रश्न तिथेच आहे. इंग्रजीत या शब्दाच्या शेवटी अनेक जण एक जादा ‘के’ लावतात. रंगमंचावरच्या हातचलाखीहून आपली साधना वेगळी आहे हे दाखवण्यासाठी इंग्रज गूढवादी अलिस्टर क्रोली यांनी ती पद्धत रूढ केली. इच्छाशक्तीला अनुसरून बदल घडवून आणण्याचे शास्त्र आणि कला, अशी त्यांची व्याख्या आहे. माणूस म्हणून ते मला कधीच आवडले नाहीत. 1947 मध्ये गार्डनर त्यांना हेस्टिंग्जमध्ये भेटले आणि क्रोलींचे बरेच लिखाण विक्काच्या सुरुवातीच्या विधींमध्ये शिरले. पुढे 1953 मध्ये दीक्षा घेतलेल्या डोरीन व्हॅलिएंटे यांनी त्यातले पुष्कळसे काढून टाकले आणि देवीच्या मुखातले जे पद्य लिहिले, ते आजही आमच्याकडे म्हटले जाते. दुसऱ्या एक लेखिका डायन फॉर्च्यून यांनी क्रोलींच्या व्याख्येत एकच फरक केला आणि बदल घडायचा तो जाणिवेत, असे म्हटले. मी या दुसऱ्या बाजूची आहे.

गेल्या मंगळवारी, बाबा तळ्यावर मूर्तिदानाच्या टेबलापाशी उभे होते त्याच रात्री, आमची पौर्णिमेची बैठक होती. काय झाले ते जसेच्या तसे सांगते. एका सभासदाच्या घरामागच्या अंगणात आम्ही सात जण जमलो. केरसुणीने जागा झाडली, पाण्यात मीठ मिसळून ते शिंपडले, धूप फिरवला आणि नऊ फुटांचे वर्तुळ आखले. पूर्वेला वारा, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला पाणी, उत्तरेला पृथ्वी, अशी चार दिशांना तत्त्वे बोलावली. काळ्या मुठीची एक सुरी असते, तिने हवेत रेषा ओढतात. ती कशालाही कापण्यासाठी वापरत नाहीत. मग ज्याला काही मागायचे असेल त्याने ते एका वाक्यात सांगायचे. एका मुलाला नोकरी हवी होती. विधी चालवणाऱ्या बाईंनी त्याला पहिला प्रश्न विचारला, की अर्ज केलास का. त्याने केला नव्हता. तेव्हा त्या म्हणाल्या, आधी अर्ज कर, मग पुढच्या पौर्णिमेला पाहू. आई, हे ऐकताना मला तुझी आठवण आली. परीक्षेच्या दिवशी तू हातावर दही-साखर ठेवायचीस, पण आदल्या रात्री पुस्तक मिटू द्यायची नाहीस.

त्यानंतर आम्ही हात धरून गाणे म्हणत गोल फिरलो, वेग वाढत गेला आणि एका क्षणी सगळे थांबले. अशाने शक्तीचा शंकू उभा राहतो आणि तो इच्छित कामाकडे सोडता येतो, असे काही जण मानतात. मला शंकू दिसत नाही. मला दिसतात ती सात माणसे, जी पाच मिनिटे एकाच गोष्टीचा मनापासून विचार करतात, आणि त्यानंतर ज्याची अडचण असेल त्याच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झालेला. मी हे मंडळात उघड बोलते. विक्कात ठरावीक मतांवर सही करावी लागत नाही; विधी मनापासून केला म्हणजे पुरे. शेवटी जमिनीवर हात टेकायचे, केक आणि वाइन घ्यायची (मी सफरचंदाचा रस घेते), दिशांचे आभार मानायचे आणि वर्तुळ उघडायचे. झगे साधे सुती असतात. गार्डनर यांच्या काही मंडळांत विधी निर्वस्त्र करण्याची प्रथा आहे, हे तुम्ही कुठे तरी वाचाल आणि आईची झोप उडेल, म्हणून स्पष्ट लिहिते, की आमच्याकडे ती नाही. दीक्षेसाठी कोणी एक पैसाही घेत नाही, आणि कोणाचा बळीही देत नाहीत. सगळेच पेगन, म्हणजे अशा निसर्गपूजक पंथांतले, लोक मॅजिक करतात असेही नाही. पुष्कळांना ऋतूंचे सण आणि जंगलातली पायपीट पुरेशी वाटते.

बाबा, 2013 च्या ऑगस्टमधली ती सकाळ मी विसरलेले नाही. डॉ. दाभोलकरांच्या खुनाची बातमी आली तेव्हा तुम्ही पायरीवर बसलात आणि दुपारपर्यंत उठला नाहीत. त्या माणसाच्या कामात तुम्ही आयुष्याची वीस वर्षे घातलीत आणि तुमची मुलगी ‘मॅजिक’ हा शब्द आदराने लिहिते, हे तुम्हाला किती लागेल याची मला जाणीव आहे. मी राहते तिथून चालत वीस मिनिटांवर लँकेस्टरचा किल्ला आहे. मुख्यतः पेंडल भागातल्या माणसांवर 1612 मध्ये तिथे चेटकाचे खटले चालले आणि दहा जणांना फाशी दिली. त्यांत आठ स्त्रिया होत्या. तारीख 20 ऑगस्ट होती, डॉ. दाभोलकर गेले तीच. ती पाटी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला तुमची आठवण झाली. नंदुरबारकडे डाकीण ठरवून मारहाण झालेल्या बाईच्या जबाबासाठी तुम्ही दोन दिवस एसटीने गेला होतात, तेही आठवले. फाशी गेलेल्या त्या गरीब बायांचा आणि आजच्या विक्काचा वारसा एक आहे असे मी म्हणणार नाही. पण आमच्या मंडळात त्यांची नावे वाचली जातात, आणि कोणाला चेटकीण ठरवून छळणे म्हणजे काय, हे इथे कोणी विसरत नाही.

तुमच्या अंनिसच्या भाषेत मी स्वतःला तीन प्रश्न विचारले. कोणाचे शोषण होते का, कोणाचा उपचार थांबतो का, कोणी चमत्काराचा दावा करून पैसे उकळतो का. इंग्लंडमध्ये 1735 पासून असलेला कायदा जादूची शक्ती असल्याची बतावणी करणाऱ्यालाच शिक्षा देत असे. तो 1951 मध्ये गेला, आणि त्याच्या जागी मृतात्म्यांशी बोलण्याचा दावा करून फसवणाऱ्या ‘मीडियम’ लोकांविरुद्धचा कायदा आला. आपल्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यातही साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणारा गुन्हेगार ठरतो. आमच्या मंडळात कोणी आजारी असेल तर पहिला प्रश्न असतो, डॉक्टरांना दाखवलेस का. मी औषधनिर्माती आहे. हा प्रश्न तिथे विचारला जात नसता तर मी त्या अंगणात दुसऱ्यांदा गेले नसते.

मग जातेच कशाला, असे आई विचारेल. त्या मार्चबद्दल आपण तिघे अजून मोकळेपणाने बोललेलो नाही आणि पत्रातही बोलू नये. तुम्ही फोनवर म्हणालात, विसर, पुढे सगळे चांगले होईल, आणि तुम्ही दुसरे काय म्हणणार होतात. सध्या तिकडे पितृपक्ष चालू आहे. आजोबांची तिथी आहे, माई आजीची आहे, ज्याला नाव ठेवायचेच राहिले त्याची कोणतीच नाही. इथे 31 ऑक्टोबरला सॉविन असतो. त्या रात्री जिवंत आणि गेलेले यांच्यामधला पडदा विरळ होतो असे मानतात आणि प्रत्येक जण आपल्या माणसासाठी एक दिवा लावतो. दोन वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा पाहुणी म्हणून गेले. कोणी काही विचारले नाही. त्यांनी माझ्या हातात मेणबत्ती दिली, मी ती लावली आणि सात महिन्यांनंतर त्या रात्री पहिल्यांदा सलग झोपले. हे मॅजिक आहे की नाही, यावर बाबांशी वाद घालायला मी डिसेंबरात तयार आहे. तुमच्या प्रेमात काही कमी पडले म्हणून मी तिकडे गेले, असे मात्र कृपा करून समजू नका.

आता आई, तुझ्याकडे एक परवानगी मागायची आहे, आणि खरे तर त्यासाठीच हे सगळे लिहावे लागले. ज्याच्यासाठी विधी करायचा त्याची संमती घेतल्याशिवाय तो करायचा नाही, असा आमचा नियम आहे. कोणाचे अहित होत नसेल तर तुला हवे ते कर, हे विक्काचे मुख्य वचन आहे, आणि न विचारता दुसऱ्याच्या आयुष्यात हात घालणे हेही अहितच धरतात. तुझ्या शस्त्रक्रियेच्या आधीच्या पौर्णिमेला तुझे नाव घ्यावे असे मंडळातल्यांनी सुचवले. मी म्हटले, आईला विचारीन. बाबा लगेच सांगतील, म्हणून मीच सांगते: 2006 मध्ये अमेरिकेत बायपास झालेल्या 1,802 रुग्णांवर अभ्यास झाला. अनोळखी लोकांनी त्यांच्यासाठी प्रार्थना केली. त्याने गुंतागुंत कमी झाली नाही, आणि आपल्यासाठी प्रार्थना होते आहे हे ज्यांना खात्रीने सांगितले होते त्यांच्यात ती थोडी जास्तच, म्हणजे 59 टक्के रुग्णांत, आढळली. त्या गटाच्या मनावर कदाचित दडपण आले असेल. म्हणून तुला थोडेही दडपण वाटणार असेल तर नाही म्हण. मला वाईट वाटणार नाही. गुडघा बरा होईल तो शल्यचिकित्सकाच्या हाताने आणि तुझ्या व्यायामाने. दिवा लावायचा आहे तो मला, कारण सात हजार किलोमीटरवर बसून माझ्या हातांना दुसरे काही करता येत नाही. लहानपणी ताप आला की तू मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकायचीस, बाबा दारात उभे राहून काही न बोलता पाहायचे, आणि मग तेच गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन यायचे. मला दोन्ही हवे असायचे.

आता कामाचे. शस्त्रक्रियेआधी रक्त पातळ करणारी गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशीच बंद करायची, शेजारच्या काकांच्या सांगण्यावरून नाही. बाबांनी उपाशीपोटीची साखर रोज सकाळी वहीत लिहावी आणि रविवारी वहीचा फोटो ताईला पाठवावा. न्हाणीघरासमोरची सतरंजी आजच उचला. कमोडची उंच बैठक आणि वॉकर 10 नोव्हेंबरपर्यंत घरी येईल, पैसे भरलेले आहेत. बाबांनी ती परत पाठवू नये. पुढच्या आठवड्यात घट बसतील तेव्हा आईने जमिनीवर बसू नये, पाट टेबलावर मांडावा. देवी रागावणार नाही. दिवाळीत आकाशकंदील लावायला बाबांनी स्टुलावर चढू नये, वरच्या मजल्यावरचा मुलगा येऊन लावील, मी त्याला सांगून ठेवले आहे. डब्यांचेही नोव्हेंबरपासून ठरवले आहे; तिखट कमी आणि पोळ्या मऊ असाव्यात असे मुद्दाम बजावले आहे.

माझी काळजी करू नका. घर उबदार आहे, जेवण वेळेवर होते, आणि मागच्या खेपेस पाठवलेला मेतकुटाचा डबा अजून अर्धा आहे.

आई, तुझे उत्तर फोनवर एका शब्दात दिलेस तरी चालेल, हो किंवा नको. बाबांना जे म्हणायचे असेल ते त्यांनी सविस्तर लिहावे; मी प्रत्येक ओळ वाचीन.

तुमची,
धाकटी