डॉ. माधवी भार्गव आणि डॉ. अनुराग भार्गव यांना धारूरहून पत्र

आदरणीय माधवी मॅडम आणि अनुराग सर,

सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यात आशा म्हणून काम करते. क्षयरुग्णांच्या घरी शिधा देऊन तुम्ही केलेला अभ्यास झारखंडातला. आमचा भाग बालाघाटच्या डोंगरातला, दसरा-दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जाणारा. आपली भेट होण्याचा योग दिसत नाही, पण तुमचे आभार मानल्याशिवाय मला राहवत नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये तुमचा 'राशन्स' अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. आमच्या वैद्यकीय अधिकारी मॅडमनी तो मासिक बैठकीत आम्हाला मराठीत समजावून सांगितला. चार जिल्ह्यांतले २,८०० क्षयरुग्ण आणि त्यांच्या घरची १०,३४५ माणसं. शिधा सगळ्याच रुग्णांना: तांदूळ, फुटाण्याचं पीठ, दूध पावडर, तेल, असा महिन्याला दहा किलो. पण निम्म्या भागांत घरच्यांनाही दिला, मोठ्या माणसाला महिन्याला पाच किलो तांदूळ आणि दीड किलो तूरडाळ. त्या घरांमध्ये नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. तपासणीत जंतू सापडून पक्का झालेला फुप्फुसाचा क्षय तर ४८ टक्क्यांनी. नवी लस नाही, नवी गोळी नाही, डाळ-तांदूळ! हे आकडे माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहेत.

घरच्यांनाही शिधा द्यायचं तुम्हाला सुचलं, याचं मोल मला एका बाईमुळे कळलं. ऊसतोडीच्या फडावरून ती चैत्रात परतली ती खोकतच. वजन ३५ किलो. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल अजून अंगावर. थुंकीची तपासणी झाली, गोळ्या सुरू झाल्या, घरच्यांचीही तपासणी झाली. मी तिला अंडी आणि शेंगदाण्याचे लाडू नेऊन द्यायचे आणि ते लेकरांच्या ताटात जायचे. विचारलं तर म्हणाली, "ताई, लेकरं तोंडाकडं बघत असताना माझ्या घशाखाली अंडं उतरंल का?"

यावर तिला काय सांगणार? कुठलीही आई हेच करील. तिला खाऊ घालायचं तर अख्ख्या घराला खाऊ घालायला हवं, आणि तेच तुम्ही करून, मोजून दाखवलं होतं. तुमचे आकडे घेऊन मी सरपंचांकडे गेले, किराणा दुकानदाराकडे गेले. आधी लोक म्हणायचे, गोळ्या सरकार देतंय, मग आम्ही कशाला? आता घरात दुसरा रुग्ण होऊ नये म्हणून डाळ द्या, असं सांगता आलं. त्या घरातल्या पाचही जणांसाठी तूरडाळ, फुटाणे आणि अंडी मिळायला लागली.

दुसऱ्या महिन्याच्या शेवटी ती काट्यावर उभी राहिली, ३७ किलो. पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्के वजन वाढलं तर मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी, हे तुमच्याच दुसऱ्या लेखात आहे. पस्तिसाचे पाच टक्के म्हणजे पावणेदोन किलो, आणि तिचं त्याहून जास्त भरलं होतं. तिच्या सासूला मी ते हिशेबासकट सांगितलं. तेव्हापासून सासूबाई स्वतः आधी सुनेचं ताट वाढतात. मराठवाड्यात सुनेनं सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं खायचं असतं, म्हणून हा बदल मला लहान वाटत नाही.

सर, छत्तीसगडमध्ये गनियारीला असताना तुम्ही तिथल्या क्षयरुग्णांची वजनं मांडली होती, तो २०१३ चा लेखही आमच्या वैद्यकीय अधिकारी मॅडमनी दाखवला. पुरुषांचं मधलं वजन ४२ किलो, बायकांचं ३४. आमच्या रजिस्टरमधलीच वजनं वाचतेय असं वाटलं. भुकेल्या माणसाचं वजन इतक्या आदरानं लिहून ठेवणारे डॉक्टर मी फार पाहिले नाहीत.

क्षयरुग्णांना आहारासाठी मिळणारे सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे महिन्याचे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले, रुग्णांना मदत करणाऱ्या दात्यांच्या, म्हणजे निक्षय मित्रांच्या, शिध्यात आता घरच्यांचाही विचार होतो. यामागे पुष्कळांची मेहनत असेल, पण आमच्या हाती बोलायला पुरावा दिला तो तुम्ही.

आता ऊसतोडीच्या टोळ्या निघायची वेळ येईल. उपचार अर्धवट असलेले काही जण जातीलच, पोटासाठी जावंच लागतं. त्यांच्या गोळ्यांची सोय निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीवरून कारखान्याजवळच्या दवाखान्यात करता येते. सोबत डाळ आणि फुटाण्याचं पीठ बांधून द्यायचं आम्ही आशांनी ठरवलं आहे. कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत, ते एकट्या रुग्णाला पुरून चालणार नाही, म्हणून बरोबरच्या माणसांचंही धरून देतोय.

कोरोनाच्या काळातही हे काम चालू ठेवणाऱ्या तुमच्या झारखंडमधल्या सहकाऱ्यांना माझा नमस्कार कळवा. घरोघर फिरून वजन घ्यायचं म्हणजे काय, हे मला माहीत आहे. त्यांचेही मनापासून आभार.

आपली,
एक आशा कार्यकर्ती,
ता. धारूर, जि. बीड