मुलगा तसा चांगला आहे

सोलापूर,
रविवार दुपार

चि. ताई,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री फोनवर तू म्हणालीस, "बाबा, उतारा कळतो, शब्दही कळतात, पण लेखकाचं मत काय असं विचारलं की माझं हमखास चुकतं." मी 'वाचन वाढव' एवढंच बोललो आणि फोन ठेवल्यावर माझी मलाच लाज वाटली. तापानं फणफणलेल्या माणसाला 'बरा हो' सांगावं, तसला तो सल्ला. म्हणून तू पाठवलेले कॅटच्या, म्हणजे एमबीए प्रवेश परीक्षेच्या, मॉक टेस्टचे तीन इंग्रजी उतारे धाकट्याकडून नव्या पेठेतून छापून आणवले आणि दोन दिवस लाल पेन घेऊन बसलो. आई म्हणाली, "काय करालाय हे? रिटायर होऊन परत कोर्टात निघालात की काय?"

तुझी चूक मला ओळखीची वाटली. ती मी केली आहे, आणि पगार घेऊन केली आहे.

तेव्हा मी कोर्टात नवा स्टेनो होतो. शाळा मराठी, इंग्रजी सगळं टायपिंग आणि शॉर्टहँडच्या परीक्षांपुरतं घोटलेलं. एकदा साहेबांनी एका जुन्या दिवाणी दाव्याचं निकालपत्र दिलं आणि म्हणाले, अर्ध्या पानात सार काढून आणा. रस्त्याच्या वहिवाटीचा दावा होता. मी लिहून नेलं, 'न्यायालयाच्या मते वादीची वहिवाट सिद्ध होते.' साहेबांनी चष्मा कपाळावर घेतला आणि माझ्याकडे बघत राहिले. सिद्ध होते असं म्हणणारा वादीचा वकील होता. त्याचा युक्तिवाद निकालपत्रात तीन पानं होता, झोकदार इंग्रजीत, आणि मी त्या झोकात वाहून गेलो. न्यायालयानं पुढे दीड पानात तो साफ फेटाळला होता. साहेब म्हणाले, "तुम्ही वकिलाला खुर्चीत बसवलंत आणि मला पिंजऱ्यात उभं केलंत."

त्या दिवसानंतर निकालपत्र हातात आलं की मी समासात पेन्सिलीनं 'वा', 'प्र', 'न्या' अशी अक्षरं लिहायला लागलो. वादीचं म्हणणं, प्रतिवादीची कैफियत, न्यायालय. टाईप करताना ते सगळं एकाच अक्षरात, एकाच शाईत उमटतं. कोण बोलतंय हे कागद सांगत नाही, आपण शोधायचं असतं. तुझ्या परीक्षेतला उतारा अगदी तसाच आहे. लेखक आधी दुसऱ्याचं म्हणणं मांडतो. 'इट इज ऑफन बिलीव्ह्ड', 'क्रिटिक्स आर्ग्यू', 'कन्व्हेन्शनल विज्डम' असं काही दिसलं की समज, वादी बोलायला उभा राहिला. तो चार वाक्यं बोलेल, सहा बोलेल, आकडेही देईल. मग कुठेतरी एक 'येट' किंवा 'हाउएव्हर' येतं आणि खुर्चीतला माणूस घसा खाकरतो. तू मधमाश्यांच्या उताऱ्यात पहिला परिच्छेद लेखकाचा समजून उत्तर दिलंस. तो सगळा 'वा' होता.

आता दुसरं, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मत ओळखण्याची कला तुला येते. मराठीत येते. गेल्या वर्षी आईच्या अक्कलकोटच्या मावसबहिणीचा स्थळ घेऊन फोन आला होता, आठवतंय? फोन स्पीकरवर होता. मावशी म्हणाली, "मुलगा तसा चांगला आहे. घरचेही तसे समजूतदार आहेत. नोकरी म्हणाल तर आहे." फोन ठेवताच तू आणि आई एकदमच 'नको' म्हणालात आणि हसत सुटलात. मावशीनं एक वाईट शब्द काढला नव्हता. चांगला, समजूतदार, नोकरी. सगळे मोठे शब्द स्थळाच्या बाजूचे. पण तुम्ही दोघींनी मोठे शब्द ऐकलेच नाहीत, तुम्ही 'तसा' ऐकलात आणि 'म्हणाल तर' ऐकलात.

इंग्रजी वाचताना तू नेमकं उलटं करतेस. अवघड मोठ्या शब्दांखाली रेघा, आणि बारके शब्द मोकळे. मी तुझ्या तिन्ही कागदांवर पाहिलं. 'फोटोसिंथेसिस'खाली रेघ आहे, त्याच ओळीतल्या 'मियरली'खाली नाही. अगं, फोटोसिंथेसिस काय आहे हे उतारा तुला सांगणारच आहे. 'मियरली' म्हणजे आपलं 'नुसतं', ते मात्र कोणी सांगणार नाही. 'ॲट बेस्ट' म्हणजे 'फार तर'. 'सपोजेडली' म्हणजे आपलं 'म्हणे': 'तो म्हणे पुण्यात मोठा साहेब आहे' यातला 'म्हणे'. 'सो-कॉल्ड' कळायला तर नुसता मावशीचा आवाज आठव.

क्रियापदंही बघ. कोर्टात आम्ही 'साक्षीदार असे सांगतो की' लिहितो तेव्हा त्याचं खरं की खोटं याची जबाबदारी घेत नाही. 'साक्षीदाराच्या जबाबावरून असे दिसून येते की' लिहिलं, की ते आम्ही मान्य केलेलं असतं. इंग्रजीत 'क्लेम्स' आलं तर लेखक हात राखून उभा आहे. 'पॉइंट्स आउट' आलं तर तो त्या माणसाच्या बाजूला सरकला. आणि 'ओव्हरलुक्स' किंवा 'फेल्स टु सी' आलं, तर दोन गोष्टी एकदम कळतात: समोरच्याला दिसलं नाही ते लेखकाला खरं वाटतं, आणि समोरच्यावर तो नाराज आहे. नामांचंही तेच. १९३० साली आपल्या सोलापुरात लागलेल्या मार्शल लॉबद्दल, म्हणजे लष्करी अंमलाबद्दल, लिहिताना रस्त्यावरच्या लोकांना कोणी 'मॉब' लिहील, कोणी 'क्राउड', कोणी 'सत्याग्रही'. त्याच प्रकरणात १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या चौघांना आपण हुतात्मे म्हणतो. हुकूम लिहिणाऱ्याच्या कागदावर ते आरोपी होते. नाव ठेवलं तिथेच मत देऊन झालं, पुढचं वाक्य वाचायचीही गरज नाही.

एक गोष्ट मला लाल पेनानंच शिकवली. आपण शाळेत 'जरी... तरी' शिकतो. जरी खर्च जास्त आहे, तरी योजना चांगली आहे. वजन नेहमी 'तरी'नंतर, म्हणजे शेवटी. ही सवय इंग्रजीत घात करते. 'द प्लॅन इज साउंड, ऑल्दो इट इज एक्स्पेन्सिव्ह' हे वाक्य घे. शेवटी 'एक्स्पेन्सिव्ह' वाजतं आणि तुला वाटतं लेखक योजनेच्या विरोधात आहे. तो बाजूनं आहे. 'ऑल्दो' ज्या तुकड्याला चिकटलाय तो तुकडा हलका, मग तो पुढे असो की मागे. तुझ्या तीन चुकांपैकी एक शुद्ध याचीच आहे. खरं तर बोलताना आपणही 'घर चांगलंय, लांब असलं तरी' असं म्हणतोच, आणि कानाला वजन बरोबर कळतं. तेव्हा अशा वाक्याला अडलीस तर ते मनात मराठीत बोलून बघ. 'ॲडमिटेडली', 'ऑफ कोर्स', 'टु बी शुअर' यांनाही भुलू नकोस. ऐकायला ठाम वाटतात, पण 'हे खरं की' म्हणून सुरुवात करणारा माणूस पुढे 'पण' काढणारच.

पर्यायांकडे येतो. निकालपत्रात मुद्द्यांसमोर उत्तरं लिहिलेली असतात: होकारार्थी, नकारार्थी, आणि पुष्कळदा 'अंशतः होकारार्थी'. शिकलेला माणूस मत देतो तेव्हा ते बहुधा तिसऱ्या प्रकारचं असतं. तू मात्र 'कम्प्लीटली रिजेक्ट्स' नाहीतर 'होलहार्टेडली सपोर्ट्स' यांतलं एक उचलतेस. लेखकानं 'मे' आणि 'टेंड्स टु' लिहिलं असेल तर 'ऑल्वेज' असलेला पर्याय त्याच्या तोंडी घालायचा नाही. 'क्वालिफाइड अप्रूव्हल' म्हणजे आमचं अंशतः होकारार्थी. त्यातल्या 'क्वालिफाइड'चा डिग्रीशी संबंध नाही. 'ॲम्बिव्हॅलंट' म्हणजे मन दोन्हीकडे ओढलं जातंय असा, आणि 'इन्डिफरंट' म्हणजे ज्याला सोयरसुतक नाही असा. यात जमीनअस्मानाचा फरक आहे आणि तू दोन्हींना 'न्यूट्रल' म्हणून सोडून दिलंस. 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे निःपक्ष, कंटाळलेला नव्हे. न्यायाधीश डिसइंटरेस्टेड असावा लागतो. (दुपारी तीननंतर ते कंटाळलेलेही व्हायचे, पण ते असो.)

उपरोधाला कुठलाच नियम नाही. २०१६ साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत आपलं नाव आलं. त्यानंतरही चार-चार दिवसांआड येणाऱ्या पाण्यासाठी घागरी मांडून बसल्या की शेजारच्या काकू गोड आवाजात म्हणायच्या, "स्मार्ट सिटी हो!" शब्द कौतुकाचा, शेजारी घागर रिकामी. इंग्रजी लेखकही असंच करतो: स्तुतीच्या वाक्याला लागून एक रिकामी घागर ठेवून देतो. स्तुती एकटी वाचू नकोस.

आता जरा बोचणारं लिहितो. तिसऱ्या उताऱ्यात तू लेखकाला तुझं मत चिकटवलंस. शहरांच्या वाढीबद्दल तुझं जे म्हणणं आहे तोच पर्याय तू निवडलास, उताऱ्यात तसं काहीच नसताना. हे का होतं ते बघायला मी एक छोटा उतारा केला आहे. मराठीतच आहे, पण चालेल. १५ जून २०२३ ला होटगी रस्त्याजवळच्या साखर कारखान्याची, विमानांना अडथळा ठरवलेली चिमणी पाडली तेव्हा आपल्या घरात काय रण माजलं होतं ते तुला आठवत असेल. तू विमानाच्या बाजूनं, मामा उसाच्या.

'चिमणी हटल्याने विमानसेवेची वाट मोकळी होईल, असे समर्थक सांगतात. गाळपावर परिणाम होईल, ही सभासदांची चिंता आहे. दोन्ही बाजूंचे म्हणणे समजण्यासारखे आहे. मात्र प्रश्न वर्षानुवर्षे टांगता ठेवल्याने दोघांचेही नुकसान झाले, याकडे या गदारोळात कोणाचे लक्ष गेले नाही.'

लेखकाला काय वाटतं? मी धाकट्याला विचारलं, तो म्हणाला, चिमणी पाडायला नको होती. मामाला फोनवर वाचून दाखवलं, तर तो म्हणाला, हा विमानवाल्यांचा माणूस दिसतोय. दोघांनीही उतारा ऐकलाच नाही, त्यांनी चिमणी ऐकली. लेखकाचा राग आहे दिरंगाईवर, आणि तो 'मात्र'नंतर आहे. पाडणं योग्य की अयोग्य यावर त्यानं काही म्हटलेलंच नाही. निकालपत्रात अशा वेळी 'हा मुद्दा उरत नाही' असं लिहून पुढे जातात. परदेशी जाणाऱ्या मुलांच्या आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत यासाठी वेगळं उत्तरच असतं म्हणे, 'नॉट गिव्हन'. हो, नाही आणि दिलेलं नाही. कॅटमध्ये ती सोय नाही. पण मनात तो कप्पा ठेव. ज्या पर्यायाबद्दल उतारा गप्प आहे, तो कितीही पटला तरी त्या कप्प्यात टाक.

कॅटच्या इंग्रजीच्या भागात २४ प्रश्नांना ४० मिनिटं, त्यातले १६ उताऱ्यांवर. हे सगळं तिथे बसून आठवायला वेळ नाही हे मला कळतं. चुकलं की एक मार्क जातो, तेही कळतं. म्हणून परीक्षेसाठी नव्हे, आता सरावाला सांगतो. रोज एक अग्रलेख घे, मराठी आधी, आठवड्यानं इंग्रजी. समासात 'वा', 'प्र', 'न्या' लिही. शेवटी लेखकाचं मत एका मराठी वाक्यात लिही, पर्याय न बघता. ते वाक्य जमलं की पर्याय वाच. पर्याय आधी वाचशील तर चार वकील एकदम कानाशी बोलायला लागतील. आठवड्याचे सात कागद मला पाठव. मी तपासतो, मला तरी दुसरं काय काम आहे?

शेंगाचटणी आणि कडक भाकरी उद्याच्या बसनं येणाऱ्या शेजारच्या मुलाकडे देतोय. भाकरी मोडतील, मोडल्या तरी ताकात चालतात. रात्री एकपर्यंत जागू नकोस, डोळ्यांचा नंबर आधीच वाढलाय.

हे पत्र आत्ता आईला वाचून दाखवलं. तिनं शेंगा निवडता निवडता सगळं ऐकलं. कसं वाटलं विचारलं, तर म्हणाली, "तसं बरंय."

तुझा,
बाबा