टॉवेल मीच टाकला

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

गाडीत बसताना तू माझ्याशी बोलली नाहीस. आईला म्हणालीस, बाबांनी सगळ्यांसमोर मला हरवलं. बॉक्सिंगच्या सेमीफायनलला रिंगमध्ये टॉवेल टाकून तुझी मॅच मीच थांबवली आणि तशी वेळ आली तर परत टाकीन. त्यावर सुट्टीत भांडू. डोकं दुखतंय का, ते आधी सांग.

मार बसल्यावर पंचांनी आठपर्यंत आकडे मोजले, तू हात वर केलेस, त्यांना तू ठीक वाटलीस. मी तुझे पाय बघत होतो. मागचा पाय पुढच्याच्या बरोबरीला आला होता. नंतर बाकावर तू हाताचं बँडेज सोडून गुंडाळून ठेवलंस ते अंगठ्याच्या लूपकडून. लूप आत गेली. लहानपणापासून वेलक्रोकडून गुंडाळणारी तू!

हेडगार्ड होतं ना, असं म्हणशील. त्यानं भुवई फाटायची वाचते. आत मेंदू हलायचा तो हलतोच. 2013 साली मोठ्या पुरुषांच्या स्पर्धांतून ते काढूनच टाकलं. एक मार भरून आलेला नसताना दुसरा बसला तर मेंदूला सूज येऊन जिवावर बेतू शकतं. डोक्याला मार लागून नॉकआउट झालेल्याला साधारण महिनाभर रिंगबंदी असते, ती काय शिक्षा म्हणून? जाऊ दे, पुन्हा वर्ग घ्यायला लागलो. रागावू नकोस.

खडकीला सॅपर्समध्ये, म्हणजे सैन्याच्या इंजिनिअर दलात, भरती झालो तेव्हा मी ग्लोव्ह्ज कधी हातात घेतले नव्हते. उस्तादांनी कितीतरी दिवस ठोसा मारूच दिला नाही. खडूनं रेघ आखायचे, तिच्या दोन बाजूंना पाय ठेवून नुसतं पुढे-मागे सरकायचं. कुणी कुरकुरला की म्हणायचे, "पहले बचना सीख." मार खाऊनही उभा राहणाऱ्याचं बराकीत कौतुक व्हायचं, पण उस्ताद त्याला त्या दिवशी परत रिंगमध्ये सोडत नसत. अकोल्यात मी तेच चालवलं. आधी दोरी, मग रेघ. 2008 ला विजेंदरला बीजिंगला ब्राँझ मिळालं तेव्हा पालकांची रांग लागली, "सर, मॅच कधी?" त्यांनाही रेघच दाखवली.

2012 ला लंडनला बायकांचं बॉक्सिंग पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आलं. मेरी कोमची मॅच बघून तू आजीसमोर गार्ड घेऊन उभी राहिलीस, उजवा पाय पुढे टाकून. मी पाय बदलून दिले, तू परत उजवाच टाकलास. तेव्हा कळलं, पोरगी साउथपॉ आहे, उजवा पाय पुढे ठेवून लढणारी. आजी म्हणाली, हिच्या नाकाचं बघा हो, लग्नाचं काय. तुला आठवत असेल.

आता पतियाळ्याला तू कोचचा डिप्लोमा करणार. माझ्याकडे तो नाही. मी अख्ख्या गल्लीला सांगून आलोय, दाजींनासुद्धा. उद्या तुझ्या कॉर्नरला कुणाचं तरी लेकरू असेल आणि ते "मी ठीक आहे" असंच म्हणेल. तूही म्हणालीस.

काल फोनवर तू आईला मेसचे पैसे भरल्याचं दोनदा सांगितलंस. ती म्हणते, घाईत असेल. मला रात्री झोप लागली नाही. मळमळ, चक्कर, उजेडाचा त्रास, यातलं काही असेल तर लपवू नकोस. डॉक्टरांना दाखव, पंचांनी आठ मोजल्याचं त्यांना सांग. ते हो म्हणेपर्यंत सरावाचं स्पारिंगही नाही, सोळा औंसचे जाड ग्लोव्ह्ज घालूनसुद्धा नाही. त्यांच्या कागदाचा फोटो पाठव. माझ्याशी बोलायचं नसेल तर आईच्या फोनवर पाठव.

तुझे
बाबा