दोन विल्मिंग्टनांमधली बोट

मुंबई

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. वाड्याच्या माळ्यावर कापसाच्या जुन्या चोपड्या निघाल्या, हे तुझ्या पत्रात वाचलं आणि राहवेना. गेला महिनाभर मी त्याच काळातल्या एका बोटीच्या मागे लागलोय.

तिचं मूळ नाव ‘विल्यम जी. ह्यूज’. लोखंडी, दोन्ही अंगांना चाकं असलेली आगबोट. 1860 साली डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनला बांधलेली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी पेटली. दक्षिणेने ती न्यू ऑर्लिन्सला ताब्यात घेतली आणि ‘एला अँड ॲनी’ या नावाने ती राष्ट्राध्यक्ष लिंकनने दक्षिणेच्या बंदरांना घातलेली नाकेबंदी चुकवू लागली. बाहेर कापूस न्यायचा, आत युद्धाचा माल आणायचा. असा चोरून जाणारा कापूस इंग्लंडमधल्या लँकेशरच्या गिरण्यांना कुठे पुरणार? म्हणून तर आपल्या खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबई शेअरांच्या मागे वेडी झाली.

9 नोव्हेंबर 1863 ला नॉर्थ कॅरोलायनातल्या दुसऱ्या विल्मिंग्टनजवळ उत्तरेच्या, म्हणजे लिंकनच्या बाजूच्या, ‘निफॉन’ या युद्धनौकेने तिला गाठलं. तिने उलट ‘निफॉन’लाच धडक द्यायला घेतली, पण शत्रूचे खलाशी तिच्यावर चढले आणि ती पकडली गेली. तीन महिन्यांनी ती तोफा घेऊन उत्तरेच्याच आरमारात दाखल झाली, ‘माल्व्हर्न’ म्हणून. पुढे ॲडमिरल पोर्टरचा झेंडा तिच्यावरच लागला.

जानेवारी 1865 मध्ये विल्मिंग्टनच्या तोंडावरचा दक्षिणेचा किल्ला, फोर्ट फिशर, पडला. समुद्रावरच्या बोटींना याचा पत्ता नव्हता. पोर्टरने किनाऱ्यावरचे खुणेचे दिवे मुद्दाम पूर्वीसारखेच पेटते ठेवले. रात्री ‘स्टॅग’ आणि ‘शार्लट’ या नाकेबंदी चुकवणाऱ्या दोन बोटी त्या दिव्यांच्या भरवशावर निर्धास्त आत आल्या आणि ‘माल्व्हर्न’च्या जवळच नांगर टाकून बसल्या. कधीकाळी हीसुद्धा अशीच दिवे विझवून अंधारातून निघायची, रे! गुलामगिरी टिकवायला लढणाऱ्यांची रसद तुटली, याचा मला मनापासून आनंद आहे. तरी त्या दोन बोटी डोळ्यांपुढून हलत नाहीत.

एप्रिलमध्ये खुद्द लिंकन ‘माल्व्हर्न’वर मुक्कामाला होता. पलंग त्याच्या उंचीला आखूड पडला, तेव्हा पोर्टरने दुसऱ्या दिवशी सुतारांकडून गुपचूप वाढवून घेतला. 4 तारखेला, धाकट्या मुलाच्या, टॅडच्या, बाराव्या वाढदिवशी, ते दक्षिणेच्या राजधानीला, रिचमंडला, निघाले. नदीत अडथळे होते, म्हणून मोठी बोट मागे ठेवून वल्ह्यांच्या होडीतून गेले. काठावर कालपर्यंत गुलाम असलेल्या माणसांनी लिंकनला गराडा घातला. दहा दिवसांनी त्याला गोळी लागली.

बोटीला मग जुनं नाव परत मिळालं. 1895 साली ती क्यूबाजवळ फुटली.

आता तुझं काम. चोपड्यांत 1861 पासूनची पानं असतील तर कापसाचे भाव उतरवून पाठव. 1865 ची तर नक्कीच. युद्ध संपलं नि भाव कोसळला, तेव्हा लिहिणाऱ्याने काय नोंदवलंय ते मला बघायचंय. आणि पानं सांभाळून उलट, वाळवी लागलेली असेल.

तुझाच