पाचाने भाग जाणारा आकडा

म्हापसा, बुधवार रात्र

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर बोलणं अर्धवट राहिलं. बाबा, तुम्ही "एक कोटी तर एक कोटी, काजूची बाग विकू" म्हणालात, मागून आई "हो म्हणून टाक" म्हणाली, आणि मला रडू यायला लागलं. रेंज नाही असं सांगून मी फोन ठेवला. रेंज होती. म्हणून आता लिहायला बसले आहे. कागदावर आकडे नीट दिसतात आणि मध्येच कोणी बाग विकत नाही.

मुळात एक कोटी ही आपण घ्यायला निघालेल्या पेडण्यातल्या त्या घराची किंमत नाहीच. गेल्या रविवारी ओसरीवर बसलो होतो तेव्हा घर विकणाऱ्या भावंडांपैकी मधला भाऊ काय म्हणाला, आठवा. "आम्ही पाच जण, वीस-वीस तरी हातात यायला हवेत." प्रत्येकाला किती हवेत ते आधी ठरलं, मग त्याला पाचाने गुणलं. छप्पर, वाळवी, जमीन यातलं काहीच त्या गणितात नाही. असलाच तर मोपाचा विमानतळ आहे. जानेवारी 2023 पासून तिथून विमानं उडायला लागली आणि पेडण्यात ज्याच्या नावावर चार भिंती आहेत त्याला त्या धावपट्टीला लागूनच आहेत असं वाटतं. दलालाने तर "दिल्लीचे एक जण एक कोटी वीस द्यायला तयार आहेत" अशी पुडीही सोडली. तयार आहेत तर घर दीड वर्ष कुलपात का आहे, हे मी विचारलं नाही. रविवारी विचारेन.

आता जमीन. जमिनीच्या नोंदीच्या, म्हणजे एक-चौदाच्या उताऱ्यावर 780 चौरस मीटर आहेत आणि दलाल तेवढेच सांगत सुटला आहे. पण फणसापलीकडे ते छोटं घर आहे ना, ते मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या कुटुंबाचं आहे. मुंडकारांचा 1975 चा कायदा मी तुम्हाला काय सांगणार, बाबा! पंचायतीच्या हद्दीत त्यांचा 300 चौरस मीटरपर्यंत हक्क लागू शकतो. ते कुटुंब तीन पिढ्या तिथे राहतंय, त्यामुळे मला त्यात गैरही काही वाटत नाही. फक्त त्या जागेचे पैसे आपण भरायचे नाहीत. आपण मोजायचे 480 चे.

त्याच वाड्यावरची दोन खरेदीखतं वकिलांनी मला दाखवली. दर मीटरला दहा हजारांच्या आसपास पडतो. खतावर लिहिलेला आकडा खराच असतो असं नाही, एवढं मलाही कळतं, पण दलालाच्या तोंडच्या आकड्यापेक्षा बरा. म्हणजे जमिनीचे 48 लाख झाले. घर धड असतं तर त्याचे 28 धरले असते. पण आपला मेस्त वर चढला, वाशात स्क्रूड्रायव्हर टोचला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. वासे, रिपा, कौलं, वायरिंग, सेप्टिक टँक मिळून त्याने 12 लाख सांगितले. 76 मधून 12 गेले, राहिले 64. बँकेच्या यादीतल्या व्हॅल्युअरला पैसे देऊन स्वतंत्र विचारलं, त्याने 65 काढले. तुमच्या शाळेत शिकल्याचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला.

खरी मेख पुढेच आहे. आपल्याला लागेल तेवढ्या कर्जासाठी बँक घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंत देते. पण किंमत कुठली? करारातली आणि व्हॅल्युअरची, यातली जी कमी असेल ती. 65 चे 80 टक्के म्हणजे 52 लाख. सौदा एक कोटीला झाला तरी बँक 52 च्या वर एक पैसा सोडणार नाही. उरलेले 48 लाख आपण पदरचे उभे करायचे. तिथे तुमची बाग जाते, एफडी जाते आणि तरी पुरत नाही. आम्हा दोघांकडे सगळं मिळून 33 लाख आहेत. त्यात छपराचे बारा आणि स्टॅम्प ड्यूटी, नोंदणीचे साडेचारेक आधीच खर्ची पडलेले. आणि 52 लाखांचा हप्ताच वीस वर्षांसाठी महिना 45 हजार येतो.

म्हणून रविवारी मी 60 लाख म्हणणार आहे आणि साडेसदुसष्टवर थांबणार आहे. आकडे मुद्दाम निवडलेत. 60 म्हणजे प्रत्येकी बारा, साडेसदुसष्ट म्हणजे प्रत्येकी साडेतेरा. ते वाटणीची भाषा बोलतात, तर आपणही पाचाने सरळ भाग जाईल असंच बोलावं. तुम्ही विचाराल, घर 64 चं आहे तर वरचे साडेतीन लाख कशाचे? विहिरीचे. ते आईसाठी.

बाबा, 60 म्हणताना तुम्हाला लाज वाटेल. तुम्ही तर भाजीवालीशीही घासाघीस केली नाहीत, उलट सुट्टे सोडून आलात. पण मी नुसता आकडा टाकून बसणार नाही. मेस्तचा खर्चाचा कागद, व्हॅल्युअरचा रिपोर्ट आणि सर्व्हे नकाशा त्यांच्यासमोर ठेवीन. त्यांना राग आला तर येऊ दे. थोरल्याने "थोडे कॅशमध्ये करू" असं सुचवलं होतं, त्याला मात्र स्पष्ट नाही. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यालाच मंजूर नाही, आणि बँकेला न दिसणारे पैसे पुन्हा आपल्याच खिशातून जाणार.

इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कोर्टातली वाटणी, झालेली आहे, ही जमेची बाजू. उताऱ्यावर अजून त्यांच्या वडिलांचं नाव आहे, म्युटेशन, म्हणजे नावाचा बदल, त्यांनी करून द्यायचं. पाच भावंडं म्हणजे आपल्या गोव्यात जोडीदार धरून दहा सह्या. धाकटी वहिनी त्या दिवशी सगळ्यांना चहा देत फिरली आणि एक शब्द बोलली नाही. मला थोरल्याच्या बडबडीपेक्षा तिचं गप्प राहणं जास्त लक्षात राहिलं. दहा सह्या होईपर्यंत विसाराच्या पलीकडे काही द्यायचं नाही.

आणि बागेचं. तिला हात लावायचा नाही. एफडी आईच्या गुडघ्यांसाठी आहे, आणि ते ऑपरेशन तुम्ही दोघं मिळून दोन वर्षं पुढे ढकलताय, तेही मला माहीत आहे. साडेसदुसष्टला नाही म्हणाले तर आपण चहा पिऊन उठायचं. मी दोन दिवस तोंड पाडून बसेन, मग दुसरं घर बघेन.

रविवारी आठ वाजता साखळीला तुम्हाला न्यायला येते. बाबा, तुम्ही फक्त बसा, तुम्ही बसलात की ते नीट बोलतात. आणि आई, मागच्या वेळी पोहऱ्यातून घोट घेऊन तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "असलं पाणी आता मिळतं कुठे?" या वेळी तहान लागली तर गाडीतली बाटली पी.

तुमची,
बाय