बुडालेल्या गाडीला सेल मारू नका

महोदय,

जोराचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशीच्या अंकात बुडालेल्या गाड्यांची छायाचित्रे असतात. सोसायटीच्या तळघरात छताला टेकलेले पाणी, नाहीतर रस्त्यात बॉनेटपर्यंत बुडालेली मोटार. चिपळूणला २२ जुलै २०२१ रोजी आणि पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत २५ जुलै २०२४ रोजी हेच दृश्य होते. अशा छायाचित्राखाली दरवेळी एकच ओळ छापावी, अशी विनंती आहे : ‘पाणी ओसरल्यावर गाडीला सेल मारू नका, किल्लीही फिरवू नका.’

मी मोटार विमा सर्वेक्षक, म्हणजे गाडीचे नुकसान तपासून कंपनीला अहवाल देणारा. दावे तपासताना सर्वांत जास्त ऐकू येणारा प्रश्न असा : पॉलिसीत पूर लिहिलेला आहे, मग इंजिनाचे पैसे का नाहीत? उत्तर कागदात कमी आणि यंत्रात जास्त आहे. बाराशे सीसीचे, चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन घ्या. एका सिलिंडरच्या वाट्याला ३०० सीसी येतात. कॉम्प्रेशन, म्हणजे आतली हवा दाबली जाण्याचे प्रमाण, दहास एक धरले, तर पिस्टन वर पोचल्यावर त्याच्या डोक्यावर उरते सुमारे ३३ मिलिलीटर जागा, म्हणजे मोठे दोन चमचे. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. दोन चमच्यांपेक्षा जास्त पाणी आत असेल आणि मालकाने सेल मारला, तर पिस्टन वर अडतो, खालून क्रँक (पिस्टनला वर-खाली करणारा फिरता दांडा) रेटत राहतो आणि मधला कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेल इंजिनात ही जागा आणखी कमी असते. गाडी बंद उभी असताना पाणी आत गेले तर गंज धरेल, ऑइल दुधाळ होईल, पण रॉड वाकणार नाही. म्हणून पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन उघडले आणि आत वाकलेला रॉड दिसला, की सर्वेक्षकाला पुढे काही विचारावे लागत नाही.

आता कागद. खासगी मोटारीच्या पॉलिसीत एक अट असते : अपघात किंवा बिघाड झाल्यावर आवश्यक ती दुरुस्ती न करता गाडी चालवली, तर वाढलेले नुकसान पूर्णपणे मालकाच्या जोखमीवर. शिवाय ‘परिणामी हानी’ (मूळ नुकसानीतून पुढे ओढवलेली हानी) आणि यांत्रिक व विद्युत बिघाड हे वगळलेल्या बाबींत येतात. पुराने भिजलेल्या सीट, कार्पेट, वायरिंग, ईसीयू (गाडीचा छोटा संगणक), अल्टरनेटर यांचे पैसे मिळतात. सेल मारून फोडलेल्या इंजिनाचे मिळत नाहीत. लहान गाडीलाही तो खर्च सहज लाखाच्या पुढे जातो.

एक वादाची जागा मात्र आहे. पाण्यातून जाताना चालती गाडी अचानक बंद पडली आणि मालकाने पुन्हा सेल मारलाच नाही, तर रॉड त्या क्षणीच वाकलेला असू शकतो. कंपन्या यालाही परिणामी हानी म्हणतात. माझ्या मते ही अपघाताचीच हानी आहे आणि असा नकार मुकाट्याने घेऊ नये.

पाणी ओसरल्यावरचा क्रम असा ठेवावा. पाणी कुठवर आले होते त्याचे फोटो आधी काढावेत. दारावर, सीटवर चिखलाची रेघ उमटलेली असते. ती पुसण्याआधी, नंबरप्लेट दिसेल अशा बेताने. कंपनीच्या अ‍ॅपने मीटरवरच्या किलोमीटरचा फोटो मागितला तरी त्यासाठी इग्निशन चालू करू नये. चॅसिस नंबरचा फोटो द्यावा आणि गाडी पाण्यातली आहे असे लिहावे. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. ज्याला ते जमत नसेल त्याने बॉनेटला हात न लावता मेकॅनिकची वाट पाहावी. धक्का मारून गिअरवर सुरू करणे हा सेल मारण्याचाच दुसरा प्रकार आहे. ऑटोमॅटिक गाडी पुढची चाके उचलून ओढत नेण्याऐवजी सपाट ट्रकवर चढवून न्यावी. विजेवरची गाडी असेल तर चार्जर लावू नये, उच्च दाबाच्या नारंगी केबलच्या जवळपासही जाऊ नये, सर्व्हिस सेंटरला कळवावे.

त्यानंतर विमा कंपनीला फोन करून दावा क्रमांक घ्यावा आणि तो लिहून ठेवावा. पॉलिसीत टोइंगचे मिळतात १,५०० रुपयांपर्यंत. पुराच्या दिवसांत ट्रकवाले त्याच्या कितीतरी पट सांगतात, म्हणून रोडसाइड असिस्टन्सची जोड (जास्तीचा हप्ता देऊन घेतलेली रस्त्यातल्या मदतीची सोय) असेल तर आधी तो नंबर लावावा. केवळ पुराच्या पाण्याने गाडी भिजली असेल तर पोलिसांत एफआयआर लागत नाही. चोरी झाली किंवा कुणाला इजा झाली तर लागतो.

वर्कशॉपमध्ये पहिला आग्रह एवढाच धरावा, की सर्वेक्षक येईपर्यंत इंजिन उघडायचे नाही. तो आल्यावर एअर फिल्टर आणि डिपस्टिक (ऑइल तपासायची पट्टी) बघतात. फिल्टर कोरडा आणि ऑइल स्वच्छ असेल तर पाणी बहुधा इंजिनात गेलेलेच नसते. फिल्टर ओला असेल तर चारही स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने फिरवतात. प्लगच्या भोकांतून पाणी बाहेर उडते आणि रॉड वाचलेला असेल तर इंजिन मोकळे फिरते. मग इंजिन आणि गिअरबॉक्सचे ऑइल बदलून, फ्लश करून काम भागते. ही तपासणी सर्वेक्षकासमोर झाली आणि तिचे फोटो असले, की पुढचे निम्मे वाद उरत नाहीत.

इंजिनाची जोखीम वेगळी घेता येते. ‘इंजिन प्रोटेक्ट’ ही जोड मूळ पॉलिसीवर जास्तीचा हप्ता देऊन मिळते आणि वाकलेला रॉड तिच्यात येतो. पण तिच्याही अटी वाचाव्यात. काही पॉलिसींत कळवण्याची मुदत आहे, काहींत सेल मारण्याचा प्रयत्न केला तर हात वर. नदीकाठी, नाल्याकाठी किंवा तळघरात गाडी लावणाऱ्याने ही जोड घ्यावी. तिसऱ्या मजल्यावरच्या पार्किंगवाल्याला तिची गरज कमी, जर तो पावसात पाण्यातून गाडी रेटणारा नसेल तर.

पुराचा दावा येतो तेव्हा एक कटू गोष्ट वारंवार उघड होते : मालकाला वाटते विमा आहे, आणि स्वतःच्या गाडीचा विमा नसतोच. १ सप्टेंबर २०१८पासून नव्या मोटारीला थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा मात्र बहुधा एकाच वर्षाचा असतो. शोरूमने दिलेल्या कागदावर ‘तीन वर्षे’ हे शब्द ठळक दिसतात, दुसरी तारीख कुणी पाहत नाही. दुसऱ्या वर्षीच्या जुलैत गाडी बुडते तेव्हा हातात उरतो फक्त थर्ड पार्टी विमा, आणि तो दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो. पॉलिसीवर ‘ओन डॅमेज’ असे लिहिलेल्या रकान्यापुढची शेवटची तारीख आजच पाहा. ती उलटून ९० दिवस झाले तर नो क्लेम बोनसही, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूटही, जातो, आणि खंड पडलेल्या पॉलिसीसाठी कंपनी आधी गाडीची तपासणी मागते.

दावा मंजूर झाला तरी बिल पूर्ण का मिळत नाही, हा पुढचा प्रश्न. झिरो डेप्रिसिएशनची, म्हणजे घसारा न कापण्याची, जोड नसेल, तर बहुतेक पॉलिसींत रबर, नायलॉन, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी आणि एअरबॅग यांवर ५० टक्के घसारा (भाग जुना झाल्याबद्दलची कपात), फायबरवर ३०, काचेवर शून्य. बाकीच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे : सहा महिन्यांपर्यंत काही नाही, एक वर्षापर्यंत ५ टक्के, दोनपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४०, त्यानंतर ५०. मजुरीवर घसारा नसतो.

साडेतीन वर्षांच्या एका लहान मोटारीचा हिशेब मांडून पाहू. ईसीयू आणि वायरिंग ४८,००० रुपये : २५ टक्क्यांनी १२,००० कापले. प्लॅस्टिक, रबराचे भाग १४,००० : त्यातले ७,००० गेले. बॅटरी ६,००० : ३,००० गेले. सीट, कार्पेट काढून धुणे, वाळवणे, बसवणे, मजुरी २२,००० : पूर्ण मिळाली. ऑइल, कूलंट, ग्रीस आणि असेच किरकोळ ६,००० : कन्झ्युमेबल्सची जोड नसल्याने काहीच नाही. वर १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची कपात १,००० रुपये, त्यापुढे २,०००. बिल ९६,०००, कंपनी देईल ६७,०००, मालकाच्या खिशातून २९,०००. बॅटरीलाही लागू असलेली झिरो डेपची जोड असती तर यांतले २२,००० वाचले असते. कराचा हिशेब इथे सोडून दिला आहे.

छोट्या नुकसानीला दावा करावा की नाही, हेही आकड्यांनीच ठरवावे. बोनस २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा वर्षागणिक चढतो आणि एका दाव्याने शून्यावर येतो. ओन डॅमेजचा मूळ हप्ता ८,००० धरा. ५० टक्के बोनस असलेला माणूस ४,००० भरतो. दावा केला तर पुढची वर्षे भरावे लागतात ८,०००, ६,४००, ६,०००, ५,२००, ४,४००, आणि मग पुन्हा ४,०००. जास्तीचे झाले १०,०००. म्हणजे हातात सात-आठ हजार येणार असतील तर बंपर स्वतःच्या पैशाने रंगवलेला बरा. बोनस वाचवणारी जोड घेतलेल्यांचा हिशेब वेगळा.

गाडी पूर्ण बुडाली असेल तर आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, पाहावी. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की टोटल लॉस, म्हणजे दुरुस्तीऐवजी आयडीव्हीच्या हिशेबाने पैसे. तीन ते चार वर्षांच्या गाडीची आयडीव्ही सध्याच्या शोरूम किमतीतून ४० टक्के वजा करून येते : आठ लाखांच्या मॉडेलला ४ लाख ८० हजार. हप्त्यात पाचशे-हजार वाचवायला आयडीव्ही खाली ओढणाऱ्याला ती बचत अशा दिवशी भोवते. गाडीवर कर्ज असेल तर रक्कम आधी बँकेकडे जाते, उरली तर मालकाला.

जुनी गाडी घेणाऱ्यांचा एक दावा हमखास अडतो. आरसी बुक नव्या नावावर, पॉलिसी जुन्याच नावावर. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे विमा नव्या मालकाकडे आपोआप जातो असे एजंटही सांगतात. ते थर्ड पार्टीपुरते खरे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीला हे कलम लागू नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ‘कम्प्लीट इन्सुलेशन्स’ प्रकरणात स्पष्ट केले आहे. नाव बदलण्याचा अर्ज १४ दिवसांच्या आत द्यावा. विकणाऱ्याने आपला बोनस मागून घ्यावा. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो, आणि त्याचे पत्र नव्या गाडीला तीन वर्षांपर्यंत चालते.

कंपनी वेळ लावत असेल तर विमा नियामकाच्या जून २०२४च्या परिपत्रकाचा हवाला द्यावा : दावा कळवल्यापासून २४ तासांत सर्वेक्षक नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा, अहवालानंतर ७ दिवसांत कंपनीने निर्णय घ्यायचा. नकार फोनवर ऐकून थांबू नये. अटीचा क्रमांक लिहिलेले पत्र मागावे आणि सर्वेक्षण अहवालाची प्रतही मागावी. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, महिन्याभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपाल. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत, शुल्क नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत जावे.

राहिले ते जुनी मोटार घेणाऱ्यांसाठी. टोटल लॉस झालेल्या गाड्या लिलावात जातात आणि त्यांतल्या काही पॉलिश होऊन बाजारात परततात. अशी गाडी ओळखायला पुढच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढावा. वरचा भाग धुतलेला असतो. आत गुंडाळून राहिलेल्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर पुराच्या चिखलाची रेघ तशीच असते.

– एक मोटार विमा सर्वेक्षक, पुणे