सप्ताहाच्या भाकरी

ती. आई व अण्णांना साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता आणि मला कुणाचंच धड कळत नाही, म्हणून लिहितोय.

दत्तजयंतीच्या सप्ताहाला ज्यांना भाकरी जमत नाहीत त्यांनी पैसे द्यावेत, असं बैठकीत ठरलं आणि अण्णा, तुम्ही लगेच नाव लिहून आलात. आईचा खांदा धरलाय, तेव्हा तुमचं सगळंच चुकलं असं नाही. पण तिला विचारायचं तरी होतं. ती रुसलीय ती त्यावर.

आमटी आचाऱ्यानं करावी, माझी ना नाही. एवढ्या मोठ्या कढईत डाळ तळाला लागू न देणं, मसाल्याचा अंदाज, जाळ कधी ओढायचा, हे त्याचंच काम. भाकरी मात्र घराघरांतूनच यावी. सराला बेटाच्या सप्ताहात हजारोंच्या पंगती उठतात, तिथंही आसपासच्या गावांतल्या बाया चुलीवर भाकरी थापतात आणि ट्रॅक्टर भरून पाठवतात. गंगागिरी महाराजांपासून दीडशेहून जास्त वर्षं हे चाललंय. मग आपल्या एवढ्याशा गावाला काय धाड भरलीय? सगळ्या भाकरी एका मापाच्या, एकाच हातच्या आल्या, तर ते लग्नातलं जेवण झालं. आपल्या टोपल्यात एक जाड, एक कागदासारखी, एक कडेला करपलेली. पंगतीत कुणाच्या घरची ताटात येईल, काही नेम नाही. त्या बड्या वाड्यातल्यांनाही आपली खावी लागते, हे मला फार आवडतं.

तेव्हा नाव खोडून या. आम्ही दोघं काल्याच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचतो. सूनबाई थापेल, मी चुलीपुढं बसेन. (हसू नका, इथं मी रोज भाजतो. थापायला लागलो की मात्र नकाशा होतो.) शेजारच्या काकूंनाही आपल्याच ओट्यावर परात घेऊन यायला सांग. आई, तू बाजेवर बसून फक्त सांगायचं. पाणी किती कढत हवं, ते तुझ्याशिवाय कुणाला कळत नाही. बाजरीला चिकटपणा नसतो, पाणी कोमट झालं की भाकरी चिरते, हे मी तुझ्याकडूनच ऐकलंय. एका वेळी एकीपुरतंच पीठ मळायचं, हेही सूनबाईला आधीच बजावलंय.

बाजरी निवडून ठेव, पण दळून आणू नकोस. पीठ चार दिवस राहिलं की कडू होतं. आल्या आल्या मीच गिरणीत नेईन. ट्रंकेतली जुनी धोतरं धुऊन वाळवून ठेवा. मागं गरम भाकरी एकावर एक रचल्या गेल्या आणि घामेजल्या. या वेळी पसरून निववूनच टोपल्यात भरू.

अण्णा, तुम्ही यंदा कढईपाशी उभं राहायचं नाही. धुरानं खोकला वाढतो. कोठीवर बसा, कुणाकडून काय आलं ते वहीत लिहा; तुमचं अक्षर गावात अजून कुणाला नाही. वाढप्यांना तेवढं दटावा, आमटी तळापासून ढवळून घ्या म्हणावं. नाहीतर शेवटच्या पंगतीला नुसती डाळ आणि पहिलीला नुसतं पाणी.

नातवाला या वेळी पाण्याचा जग द्यायचाय. तो आत्तापासून ‘पुंडलिक वरदे’ ओरडत घरभर फिरतोय.

सरपण आहे ना? नसेल तर कळवा.

तुमचा,
बाळू